फायलीच्या डोक्यावरची न दिसणारी खूण

कुठल्याशा संकेतस्थळावरून गावांची किंवा सभासदांची यादी उतरवून घेतली. सीएसव्ही फाइल आहे (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेला साधा मजकूर), डबल-क्लिक केल्यावर ती एक्सेलमध्ये उघडते, आणि मराठी नावांच्या जागी भलतंच काहीतरी उमटतं. डोक्यावर तिरका फराटा असलेलं रोमन ए, मग चार काट्या फुटलेलं एक वर्तुळ, मग गोलातला आर, आणि असंच पुढे पानभर. "फाइल करप्ट आहे" म्हणून ती परत जाते. पाठवणारा म्हणतो, "माझ्याकडे तर नीट दिसतेय." पाठवणाऱ्याचं बरोबर असतं. फायलीतला एकही बाइट बिघडलेला नसतो, चुकलेला असतो तो एक्सेलचा अंदाज.

संगणकाच्या लेखी फाइल म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांची लांबलचक रांग. त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक बाइट. हे आकडे सोळाच्या पायावर लिहायची रीत आहे: ० ते ९ संपले की ए ते एफ. त्यामुळे कुठलाही बाइट दोन चिन्हांत मावतो आणि २५५ म्हणजे एफएफ होतो. इथून पुढे बाइट मी तसेच लिहितो.

यूटीएफ-८ या पद्धतीत 'म' तीन बाइटांत साठवला जातो: ई०, ए४, एई. हेच तीन बाइट पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी विंडोजने वापरलेल्या १२५२ क्रमांकाच्या तक्त्यात शोधले तर तिथे प्रत्येक बाइट म्हणजे एक स्वतंत्र चिन्ह असतं. ई० म्हणजे फराट्याचं ए, ए४ म्हणजे ते काट्यांचं वर्तुळ, एई म्हणजे गोलातला आर. एक्सेलने इमानदारीत तेच दाखवलं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू होतं, म्हणून या कचऱ्याला एक ठेका असतो. ए५ च्या जागी जपानी येनचं चिन्ह दिसतं. सगळी व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी ए४ च्या गटात. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडायचं चिन्ह आणि मराठी आकडे ए५ च्या गटात. हा ठेका एकदा डोळ्यांत बसला की स्क्रीनकडे नुसतं पाहून सांगता येतं: मजकूर मराठी आहे, यूटीएफ-८ मध्ये आहे, फक्त भलत्या तक्त्यातून वाचला गेलाय.

मग फाइल स्वतःच का सांगत नाही, की मला अमुक तक्त्यातून वाचा? नावाच्या शेवटी टीएक्सटी किंवा सीएसव्ही असतं, पण त्यावरून एवढंच कळतं की आत मजकूर आहे. मजकुराचे बाइट कुठल्या पद्धतीने रचलेत हे साध्या टेक्स्ट फायलीत कुठेच लिहिलेलं नसतं. चित्राच्या किंवा पीडीएफच्या फायलीला सुरुवातीला ओळख सांगणारे ठरावीक बाइट असतात, साध्या मजकुराला तेही नाहीत. पहिला बाइट म्हणजे थेट पहिलं अक्षर.

सुरुवातीला याची अडचण नव्हती. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आस्की तक्त्यात १२८ जागा होत्या, आणि इंग्रजीला तेवढ्या पुरत होत्या. बाइटमध्ये २५६ आकडे मावतात, म्हणजे वरच्या १२८ जागा मोकळ्या राहिल्या, आणि जगभर ज्याने त्याने तिथे आपापली अक्षरं बसवली. रशियन, ग्रीक, थाई, सगळ्यांचे बाइट तेच, अर्थ वेगळे. भारतात या जागांसाठी इस्की हा तक्ता झाला. १९९१ मध्ये तो आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक म्हणून आला. त्यात एक हुशारी होती. देवनागरी 'क' आणि बांग्ला 'क' यांचा बाइट एकच ठेवला होता. आता लिपी कुठली हे कसं कळणार? त्यासाठी मजकुरातच ईएफ हा खास बाइट टाकायचा आणि त्याच्या मागोमाग लिपीचा क्रमांक द्यायचा: ४२ म्हणजे देवनागरी, ४३ बांग्ला, ४४ तमिळ. ओळ संपली की त्याचा अंमल संपला. खूण मजकुराच्या पोटातच ठेवण्याचा हा आपल्याकडचा प्रयोग, आणि तो यूटीएफ-८ च्याही आधीचा.

पण छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे इस्की फारसा पोचलाच नाही. तिथे श्रीलिपी, शिवाजी, सी-डॅक या सरकारी संस्थेचे सुरेख आणि योगेश असे फॉन्ट चालले. या फॉन्टांची युक्ती अशी, की बाइट रोमन अक्षरांचेच ठेवायचे आणि त्यांच्या जागी चित्रं मात्र देवनागरीची काढायची, कुठे अर्धा 'स', कुठे नुसता रफार. मजकूर मराठी आहे याची एकमेव खूण म्हणजे फॉन्टचं नाव, आणि ते नाव मजकुरात नसतं, मांडणीच्या फायलीत असतं. तोच मजकूर साध्या टेक्स्ट फायलीत चिकटवला की नाव गळून पडतं आणि उरते रोमन अक्षरांची खिचडी. वर्षानुवर्षांचे दिवाळी अंक, स्मरणिका, जुनी पुस्तकं अशा फायलींमध्ये पडून आहेत. युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो: फॉन्ट कुठला होता?

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. कल्पना सरळ आहे: जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच, कायमचा क्रमांक. 'म' चा क्रमांक ०९२ई. देवनागरीचा पट्टा ०९०० ते ०९७एफ, आणि त्यातली मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. पण क्रमांक ठरला म्हणजे बाइट ठरले असं होत नाही, आणि घोटाळा इथेच सुरू होतो.

तेव्हाचा हिशेब असा होता, की प्रत्येक क्रमांक दोन बाइटांत मावेल. (तो पुढे चुकला, अक्षरं त्याहून जास्त निघाली. दोन बाइटांच्या या पद्धतीला आज यूटीएफ-१६ म्हणतात, तिच्यात अशा जादाच्या अक्षरांना चार बाइट लागतात. मराठीच्या रोजच्या वापरातली सगळी अक्षरं दोनच बाइटांत बसतात.) 'म' चे दोन बाइट म्हणजे ०९ आणि २ई. यातला आधी कुठला लिहायचा?

प्रश्न खुळा वाटेल, पण आपण स्वतःच दोन्ही गोष्टी करतो. २५ लिहिताना दशक आधी लिहितो, 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो. संगणकांतही अशी दोन घराणी पडली. आयबीएमचे मेनफ्रेम आणि मोटोरोलाचा ६८००० मोठा भाग आधी ठेवत. इंटेलचे प्रोसेसर लहान भाग आधी ठेवतात. पहिल्या पद्धतीला बिग-एंडियन म्हणतात, दुसरीला लिटल-एंडियन. ही नावं डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या एका टिपणात दिली. अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून लढणारे, गलिव्हरच्या गोष्टीतल्या लिलिपुटमधले दोन पक्ष त्यांनी उसने घेतले. टिपणातला त्यांचा मुद्दा असा, की यातली कुठलीही बाजू घ्या, पण सगळे मिळून एकच घ्या. सगळ्यांनी अर्थातच ते केलं नाही. आज इंटरनेटचे प्रोटोकॉल बिग-एंडियन आहेत, आणि आपले लॅपटॉप व फोन जवळपास सगळे लिटल-एंडियन.

एकाच यंत्रात लिहून तिथेच वाचलं तर काही बिघडत नाही. फाइल दुसऱ्या घराण्यात गेली की गंमत होते. 'मराठी' हा शब्द घ्या: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी, असे पाच क्रमांक. प्रत्येकाचे दोन बाइट उलटे वाचले तर ०९२ई चा २ई०९ होतो, आणि ते जुन्या ग्रंथांच्या संपादनात वापरायच्या एका कंसाचं चिन्ह आहे. 'र' चा ३००९ होतो, तो चिनी-जपानी लेखनातला टोकदार कंस. कान्याचं एक चिनी चित्राक्षर होतं. 'ठ' चा २००९ होतो, म्हणजे एक बारीकशी मोकळी जागा. 'ठ' दिसेनासाच होतो. दुसऱ्या वेलांटीचं आणखी एक चिनी अक्षर. बाइट सगळे जागेवर आहेत, शब्द मात्र पुरता पालटला.

यावर युनिकोडने काढलेला तोडगा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. एफईएफएफ या क्रमांकावर एक अक्षर आहे. त्याची रुंदी शून्य, ते दिसत नाही आणि दोन शब्दांमध्ये ओळ तुटू देत नाही, एवढंच त्याचं मूळ काम. फाइल लिहिणाऱ्याने सगळ्यात आधी हे अक्षर लिहायचं. वाचणाऱ्याने पहिले दोन बाइट पाहायचे. एफई एफएफ असतील तर फाइल बिग-एंडियन. एफएफ एफई असतील तर लिटल-एंडियन. आता कुणी म्हणेल, एफएफएफई क्रमांकाचं वेगळंच एखादं अक्षर असेल आणि फाइल खरोखर त्यानेच सुरू होत असेल तर? तसं होऊच शकत नाही, कारण तो क्रमांक कधीही कुठल्याही अक्षराला द्यायचा नाही असं ठरवून टाकलंय. जागा मुद्दाम रिकामी ठेवली, म्हणून तिथे पोचलेला वाचक खात्रीने म्हणू शकतो की मी उलटं वाचतोय. आणि खूण ओळखू न येणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने ते अक्षर तसंच मजकुरात राहू दिलं तरी डोळ्याला काही दिसत नाही.

या खुणेचं नाव बाइट ऑर्डर मार्क, बोलण्यात बीओएम, 'बॉम'. तिच्यामुळे एकाच अक्षराला दोन कामं लागली, फायलीच्या तोंडाशी खुणेचं आणि मजकुराच्या मध्ये ओळ न तुटू देण्याचं. २००२ मध्ये दुसऱ्या कामासाठी २०६० क्रमांकाचं वेगळं अक्षर आणून ती गाठ सोडवली. एक बारीक पेच मात्र राहिलाच. प्रत्येक अक्षराला सरसकट चार बाइट देणाऱ्या यूटीएफ-३२ ची लिटल-एंडियन खूण एफएफ एफई ०० ०० अशी आहे, आणि तिचे पहिले दोन बाइट यूटीएफ-१६ च्या खुणेसारखेच. म्हणून चार बाइटांची खूण आधी तपासावी लागते.

खूणच नसेल तर? नुसतं यूटीएफ-१६ असं लेबल आहे आणि आत बॉम नाही, तर बिग-एंडियन समजा, असं इंटरनेटचा जुना दस्तऐवज सांगतो. ब्राउझर ज्या नियमांनी चालतात ते लिटल-एंडियन समजा म्हणतात, कारण प्रत्यक्षात सापडणाऱ्या फायली बहुतेक विंडोजवर जन्मलेल्या असतात.

आता यूटीएफ-८ कडे. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसन यांनी तिचा आराखडा मांडला. समोर त्यांचे सहकारी रॉब पाइक होते. हिच्यात एक अक्षर एक ते चार बाइटांचं असतं आणि ते बाइट कुठल्या क्रमाने यायचे हे पद्धतीतच पक्कं आहे. आस्कीच्या अक्षरांचे बाइट जसेच्या तसे राहतात. 'म' चे तीन बाइट कुठल्याही यंत्रावर ई०, ए४, एई याच क्रमाने लिहिले जातात. मग बाइटांचा क्रम सांगणाऱ्या खुणेची इथे गरज काय? काहीच नाही. तरीही एफईएफएफ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये लिहिलं तर ईएफ बीबी बीएफ असे तीन बाइट होतात, आणि विंडोजच्या जगात हे तीन बाइट 'ही फाइल यूटीएफ-८ आहे' याची सही म्हणून रुळले. नोटपॅड वर्षानुवर्षं ते आपणहून चिकटवत असे. (पहिला बाइट ईएफ, म्हणजे इस्कीतला लिपी बदलायचाच बाइट. निव्वळ योगायोग.)

युनिक्स आणि लिनक्सवाल्यांना या सहीचा तिटकारा आहे, आणि मी बव्हंशी त्यांच्या बाजूचा आहे. तिथे स्क्रिप्टची फाइल हॅश आणि उद्गारचिन्ह या दोन बाइटांनी सुरू झाली तरच कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिला ओळखतो. त्यांच्या आधी तीन अदृश्य बाइट आले की ओळख संपली. वेबपानं बनवणाऱ्या पीएचपी भाषेतल्या फायलीत बॉम राहिला तर तो पानाच्या आधीच बाहेर पडतो आणि हेडर, म्हणजे पानाआधी जाणाऱ्या सूचना, पाठवायची वेळ निघून गेल्याची तक्रार येते. दोन फायली एकापुढे एक जोडल्या की दुसरीचा बॉम मजकुराच्या मधोमध जाऊन बसतो. सगळ्यात छळवादी प्रकार सीएसव्हीचा. पहिल्या स्तंभाचं शीर्षक 'नाव' आहे, स्क्रीनवरही 'नाव'च दिसतं, पण प्रोग्रामला त्या नावाचा स्तंभ सापडत नाही, कारण त्याच्या लेखी शीर्षक आहे बॉम अधिक 'नाव'. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत अशा फायलींसाठी 'यूटीएफ-८-सिग' असं वेगळं नाव दिलेलं आहे. ते वापरलं की सही असेल तर गाळली जाते. नेटवर्कवरून जेसन (प्रोग्राम एकमेकांना माहिती देतात तो मजकुराचा साचा) पाठवताना बॉम लावायचा नाही, असा स्पष्ट नियम आहे. यूटीएफ-८ साठी बॉम आवश्यक नाही आणि त्याची शिफारसही नाही, असं युनिकोडचं मानकच सांगतं. नोटपॅडनेही २०१९ पासून, विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीत, नव्या फायलींसाठी बॉमविना यूटीएफ-८ हा मूळ पर्याय केला.

एक्सेल मात्र अजून त्या तीन बाइटांची वाट बघत असतं. ते दिसले तर यूटीएफ-८, नाहीतर बहुतेक वेळा यंत्राचा जुना तक्ता. म्हणून ज्यांना मराठी यादी एक्सेलवाल्या माणसांना पाठवायची आहे त्यांनी बॉम लावावा, तत्त्व काहीही असो. सेव्ह अ‍ॅजमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय तो लावूनच देतो. बॉम नसलेली फाइल हाती आली तर डबल-क्लिक करायची नाही. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडायचं आणि फाइल ओरिजिनच्या यादीत ६५००१ यूटीएफ-८ घ्यायचं.

खूण नसताना अंदाज बांधणं किती अंगाशी येतं याचं गाजलेलं उदाहरण विंडोज एक्सपीच्या काळातलं आहे. नोटपॅडमध्ये 'बुश हिड द फॅक्ट्स' (बुशनी सत्य लपवलं) हे चार शब्द इंग्रजीत टाइप करायचे, फाइल सेव्ह करून बंद करायची आणि परत उघडायची. चिनी अक्षरं दिसत! लोकांनी यात राजकारण शोधलं. प्रत्यक्षात त्या मजकुरात मोकळ्या जागा धरून १८ बाइट होते, सम संख्या. आकडेवारीवरून अंदाज घेणाऱ्या विंडोजच्या फंक्शनला ते यूटीएफ-१६ लिटल-एंडियन वाटलं. मोठा बी म्हणजे ४२, यू म्हणजे ७५, जोडून झालं ७५४२, आणि त्या क्रमांकावर चिनी अक्षर आहे. १८ बाइटांची ९ चिनी अक्षरं झाली. पुढच्या आवृत्तीत, विंडोज विस्टामध्ये, हे दुरुस्त झालं.

यूटीएफ-८ ओळखणं मात्र असं जुगारी नाही. तिचे नियम घट्ट आहेत: ई० नंतर ए० ते बीएफ मधलाच बाइट हवा, मग ८० ते बीएफ मधला, एफई आणि एफएफ हे बाइट तर कधी येतच नाहीत. दुसऱ्या तक्त्यात लिहिलेला लांबसा मजकूर योगायोगाने हे सगळे नियम पाळेल ही शक्यता नगण्य. म्हणून फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत नियमांत बसते का हे तपासणं हीच मोठी ओळख ठरते, सही असो वा नसो.

खूण मजकुराबाहेर ठेवायचेही मार्ग आहेत. वेबपान पाठवताना सर्व्हर आधी एक ओळ पाठवतो, तीत एन्कोडिंगचं, म्हणजे बाइट रचायच्या पद्धतीचं, नाव असतं. पानातही तेच सांगणारी मेटा टॅग नावाची ओळ असते, पण ती पहिल्या १०२४ बाइटांच्या आत हवी. तिन्ही खुणा भांडल्या तर ब्राउझर बॉमचं ऐकतो, मग सर्व्हरचं, मग पानाचं. एसएमएसमध्ये संदेशासोबत जाणारा एक बाइट सांगतो की अक्षरं सात बिटांची आहेत की दोन बाइटांची (आठ बिटांचा एक बाइट). संदेशाला जागा १४० बाइटांची. इंग्रजी १६० अक्षरं बसतात, मराठी ७०, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. झिप फायलीत नावं यूटीएफ-८ मध्ये आहेत हे सांगायला एकच बिट राखून ठेवलाय. तो लावायला कुणी विसरलं की मराठी नावांच्या फायली विस्कटून बाहेर येतात.

बाइटांच्या क्रमाची खूण फक्त मजकुरातच असते असंही नाही. टिफ या चित्रांच्या फायली रोमन 'आय-आय' किंवा 'एम-एम' या अक्षरांनी सुरू होतात. पहिलं इंटेलचं, दुसरं मोटोरोलाचं. एकच अक्षर दोनदा, म्हणजे कुठूनही वाचलं तरी तेच. त्याच्या पाठोपाठ ४२ हा आकडा (इथे नेहमीचा, दहाच्या पायावरचा) त्या-त्या क्रमाने लिहिलेला असतो, पडताळणीसाठी. फोनवरच्या फोटोत तारीख आणि कॅमेऱ्याची माहिती ज्या एक्झिफ भागात असते, त्याची सुरुवातही हीच.

शेवटी, कचरा दिसलाच तर तो कुठल्या जातीचा आहे ते आधी बघावं. रिकामे चौकोन दिसत असतील तर बाइट आणि तक्ता बहुधा दोन्ही ठीक आहेत, त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नाही. फराट्याचं ए आणि येनची चिन्हं असतील तर फाइल बंद करा, सेव्ह करू नका, आणि यूटीएफ-८ सांगून पुन्हा उघडा. मजकूर परत येईल. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह म्हणजे वाचणाऱ्याला न जमलेला बाइट. मूळ फाइल तशीच असेल तर अजून आशा आहे. पण ओळीच्या ओळी साध्या प्रश्नचिन्हांच्या असतील, तर कुणीतरी मराठी मजकूर मराठी नसलेल्या तक्त्यात सेव्ह केलाय. प्रत्येक अक्षराच्या जागी ३एफ हा एकच बाइट लिहिला गेलाय, आणि त्यातून कुठलाही प्रोग्राम काही परत काढू शकत नाही. ज्याने पाठवली त्याच्याकडून मूळ प्रत मागवा.